फिरंगी फिरवायचे

मद्रासच्या वेलचेरी भागातल्या आमच्या घरात देवघराबाहेरच्या भिंतीवर एक जुना फोटो टांगलेला आहे. फेटा बांधलेला, खाली वळलेल्या मिशांचा एक पुरुष, उजवा हात कसल्याशा वाकड्या दांड्यावर ठेवून उभा. हे माझ्या यजमानांचे पणजोबा. अमावास्येला घरातल्या सगळ्या फोटोंना फूल वाहिलं जातं. मी लग्न होऊन सांगलीहून इथे आले तेव्हापासून पाहत होते, की अत्ते या एका फोटोला फूल वाहत नाहीत. परडी हातात घेऊन सरळ पुढच्या फोटोकडे जातात.

अत्ते म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आल्या. आता नव्वदी ओलांडली आहे. फोटोतले ते पुरुष त्यांचे आजोबा. त्या त्यांना तात्ता म्हणतात, तमिळ मुलं म्हणतात तसंच. तंजावरच्या मराठी घरांत आजी-आजोबांची, भाज्यांची आणि भांडणांची भाषा अशी दोन्हीकडची असते.

फूल का नाही, हे मी एकदा विचारलं होतं. नवी सून होते, विचारायला नको होतं. पण त्यांनी सांगितलं. लहान असताना देवळाच्या तळ्यावर दोन पायऱ्यांच्या फटीत त्यांचा पाय अडकला. तात्ता वरच्या पायरीवर पाठमोरे बसले होते, अगदी जवळ. या लहान मुलीने हाका मारल्या, रडून हाका मारल्या. ते शेजारच्या गृहस्थाशी बोलत राहिले. शेवटी कपडे धुणाऱ्या एका बाईने येऊन पाय सोडवला.

"बहिरे होते का?" मी विचारलं.

"बहिरे कसले? त्या माणसाच्या बोलण्यावर हसत होते की." अत्तेंनी परडीतली शेवंती नीट केली. "मुलगी होते ना मी. मुलीच्या हाकेला मान कशाला वळवायची?"

त्या दिवसानंतर मी हा विषय काढला नाही. पण दर अमावास्येला तो फोटो फुलाशिवाय राहायचा, आणि मला तळ्याच्या पायरीवरची ती मुलगी आठवायची.

माझे यजमान गेल्या वर्षी मार्गशीर्षात गेले. हे लिहिताना मला घाई नाही. आता कशाचीच नसते. मी मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. वाक्य लिहावं, खोडावं, पुन्हा लिहावं, यात माझी दुपार जाते आणि बरी जाते.

हे अंबत्तूरला एका लहान कारखान्यात प्रेसवर देखरेख करायचे. पत्र्याचे सुटे भाग ठोकून काढणारी ती यंत्रं. तिथे दिवसभर माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलत. आणि घरी आले की यांचा छंद एकच, जुन्या बंदुका ओळखणं. साध्या नव्हेत, माणसाने एक गोळी भरून एक झाडायची, या जुन्या रीतीला कंटाळून कुणी कुणी काय काय करून पाहिलं, ती सगळी विचित्र यंत्रं. तरुणपणी जुन्या पुस्तकांच्या बाजारात यांना मुखपृष्ठ फाटलेलं एक पुस्तक मिळालं होतं, तिथून हे सुरू झालं. पुढे इंटरनेट आलं आणि देशोदेशीचे असेच चार वेडे भेटले. कुणी पोटमाळ्यावर सापडलेला फोटो टाकायचा, कुणी संग्रहालयाच्या कोपऱ्यातली पाटी नसलेली वस्तू. आणि मग ही काय आहे, यावर चर्चा. सकाळची फिल्टर कॉफी घेऊन हे त्या पडद्यासमोर बसत आणि मी शेजारी पेपर वाचत असे.

माणूस मारण्याच्या यंत्रांत इतका जीव का रमवायचा, असं मी सुरुवातीला म्हणाले होते. हे रागावले नाहीत. म्हणाले, मारण्यात रमत नाही, चुकण्यात रमतो. जी बंदूक चालली तिच्याबद्दल सगळ्यांनाच माहीत असतं. जी चालली नाही, जी अडकली, तापली, उलटी फुटली, तिच्यामागेही कुणीतरी आयुष्य घातलेलं असतं. निदान तिचं नाव तरी बरोबर घ्यावं.

नाव मात्र ते सगळ्यात शेवटी घेत. मी उतावळेपणाने "ही गॅटलिंग ना?" म्हटलं की म्हणत, नळ्या खूप दिसल्या की गॅटलिंग, असं नसतं. आधी बघ, खाते कुठून, म्हणजे काडतुसं आत जातात कुठून. मग बघ, फिरवतं कोण. मग बघ, तापल्यावर काय करते. हे तिन्ही सांगितलंस की नाव आपोआप येतं. मी त्यांच्या शेजारी बसून हे शिकत गेले. एक होती बाहेरून साध्या तोफेसारखी, पण तोंडात डोकावलं तर आत मधाच्या पोळ्यासारख्या नळ्या. एक होती वर चौकोनी पेला असलेली. त्यात काडतुसं ओतायची आणि दांडा फिरवायचा, म्हणून शिपाई तिला कॉफीची चक्की म्हणत. ती यांची फार लाडकी. आमच्या मद्रासात बंदूक केली असती तर अशीच केली असती, असं म्हणायचे. नेपाळात घडवलेली एक होती, गार्डनर नावाच्या बंदुकीच्या धर्तीवरची, दोन नळ्यांची. तिचा फोटो मी यांच्याआधी ओळखला. तेव्हा यांनी संध्याकाळी बेसंतनगरला नेऊन मला आइस्क्रीम खायला घातलं होतं.

आता या घरात पणजोबांबद्दल एक वाक्य चालत आलं होतं. अत्तेच ते सांगत, आणि कोरड्या आवाजात, नोंद केल्यासारखं सांगत: "आमचे तात्ता सरकारी पलटणीत होते. फिरंगी फिरवायचे." त्यापलीकडे घरात कुणाला काही माहीत नव्हतं.

मी सांगलीकडची. आमच्याकडे फिरंग म्हणजे सरळ पात्याची तलवार. तलवार फिरवतातच. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या दिवसापासून घोड्यावरचा एक पट्टीचा तलवारबहाद्दर उभा राहिला आणि तो तसाच राहिला. यांच्या कानाला ते वाक्य वेगळं ऐकू येई. तमिळमध्ये पीरंगी म्हणजे तोफ. हे समजून होते की पणजोबा तोफखान्यात होते, आणि फिरवायचे म्हणजे तोफेचा गाडा बैल जुंपून इकडून तिकडे फिरवायचे. म्हणजे एका अर्थी गाडीवान. याबद्दल आम्ही कधी वाद घातला नाही, कारण आमचे अर्थ वेगळे आहेत हेच आम्हाला कळलं नव्हतं. मी पोरीला तिच्या खापरपणजोबांच्या तलवारीच्या गोष्टी सांगत असे आणि हे शेजारी बसून ऐकत. मला वाटायचं त्यांना पटतंय. त्यांना वाटायचं सांगलीची बायको जरा रंगवून सांगते.

शेवटच्या काही वर्षांत यांचं ऐकणं कमी झालं. आम्हाला कळलं ते नातीमुळे. मुलगी शोळिंगनल्लूरला एका कंपनीत नोकरी करते; तिची लेक शनिवार-रविवार आमच्याकडे. ती मागून "तात्ता, तात्ता" करत यायची आणि हे वळायचेच नाहीत. एकदा ती इतकी दुखावली की जेवायला बसेना. अत्ते समोरच होत्या. त्या यांना म्हणाल्या, "रक्तातच आहे तुमच्या. या घरातले पुरुष मुलींच्या हाकेला वळत नाहीत."

हे दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. मी बरोबर होते. कानाला यंत्र लावून तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, बरी सपाट; उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, एकदम दरी. म्हणाल्या, वर्षानुवर्षं ठोक्यांच्या आवाजात राहिलेल्यांचं असंच होतं. आधी बारीक, उंच आवाज जातात. कुकरची शिटी, गजर, पाखरं, लहान मुलं. जाड आवाज शाबूत राहतात, म्हणून माणसाला स्वतःलाही कळत नाही की आपण ऐकत नाही, आणि लोकांना वाटतं हा मुद्दाम करतो.

"आणि माझं बोलणं?" मी विचारलं.

त्या हसल्या. "तुमचा आवाज खालच्या पट्टीतला आहे. तुमचं त्यांना शेवटपर्यंत ऐकू येईल."

तसंच झालं. शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलमध्ये यंत्रांचे पी-पी आवाज यांना ऐकू येत नव्हते, म्हणून इतर रुग्णांसारखी यांची झोपमोड झाली नाही. आणि मी हळू आवाजात वाचून दाखवायचे ते सगळं ऐकू येत होतं. लहानपणी गाण्याच्या बाईंनी मला जाड आवाजाची म्हणून मागे बसवलं होतं. त्याचं इतक्या वर्षांनी इतकं सोनं होईल असं कुणाला वाटलं असतं?

नातीला तपासणीचं कळल्यावर ती यांच्या गुडघ्यावर टिचकी मारून मग बोलू लागली. तिचा रुसवा संपला. हे तपासणीचा कागद घेऊन अत्तेंकडेही गेले होते. म्हणाले, अत्ते, रक्त नव्हे, प्रेस. अत्तेंनी गणिताच्या बाईंच्या सवयीने ती रेघ नीट पाहिली आणि कागद परत दिला. म्हणाल्या, "सरी पा, ठीक आहे बाबा. तुझा कारखाना होता. त्यांचा कुठला कारखाना?"

बाहेर येऊन हे मला म्हणाले, पणजोबा तर तोफेचे गाडीवान, आणि तेव्हा कुठे त्यांच्या मनातला अर्थ मला कळला. गाडीवानाचे कान का जावेत? माझ्या तलवारीनेही जाणार नव्हते.

यंदा वर्षश्राद्धाच्या आधी यांचा फोटो फ्रेम करायला मैलापूरला तळ्याजवळच्या गल्लीत घेऊन गेले. पणजोबांच्या फोटोच्या चौकटीला वाळवीचा वास येत होता, म्हणून तोही पिशवीत टाकला. दुकानदार वयस्कर होते. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला, आणि आतला अंडाकृती कापलेला जाड कागदही उचलला. तो कागद जुना नाही, नंतर कुणीतरी घातलाय, असं ते तमिळमध्ये म्हणाले. तो कागद काढूनच टाकू का, मूळ फोटो बराच मोठा आहे.

मी पाहिलं. पणजोबांचा हात ज्या वाकड्या दांड्यावर होता, ज्याला आम्ही सगळे जन्मभर काठीची मूठ समजत आलो, तो काठीचा नव्हता. तो एका पितळी पेटीच्या उजव्या अंगाला जोडलेला होता. पेटी लोखंडी तिवईवर होती. पेटीच्या वर एक उभी पट्टी, आणि पुढे शेजारी शेजारी दोन नळ्या.

मला दुकानात बसायला स्टूल दिलं गेलं. मी बसले आणि यांच्या पद्धतीने बघू लागले. खाते कुठून? वरच्या पट्टीतून, काडतुसं आपल्या वजनाने खाली उतरतात. फिरवतं कोण? उजवीकडे उभा असलेला माणूस, हाताने. तापल्यावर काय करते? नळ्या गार ठेवणारं पाण्याचं डबडं नव्हतं, म्हणजे आपोआप चालणारी मॅक्सिम यायच्या आधीची. तापली तर थांबायचं. नळ्या फिरत नाहीत, दोनच आहेत, म्हणजे गॅटलिंग नव्हे. मग नाव आपोआप आलं. गार्डनर.

खात्रीसाठी मी यांच्या त्या गटावर फोटो टाकला. यांच्या खात्यावरून मी प्रथमच काही लिहीत होते. कोण लिहितंय तेही सांगितलं. गार्डनरच, असं दोघातिघांनी पाठोपाठ सांगितलं. एका दूरदेशीच्या म्हाताऱ्याने लिहिलं की माझ्या वडिलांच्या वस्तूंमधल्या एका सुट्या भागाचं नाव तुमच्या यजमानांनी मला सांगितलं होतं, दोन महिने शोधून. मी त्यांचा ऋणी आहे. मग त्याने साध्या इंग्रजीत एक गोष्ट समजावली. ही चालवणारा माणूस दांड्याला खेटून उभा असे, त्याचा कान पेटीपासून हातभर अंतरावर. तासन्‌तास सराव चाले. कानात घालायला तेव्हा फार तर कापूस.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. हे शेजारच्या खुर्चीत असते तर यांनी माझ्याकडे पाहिलं असतं.

तरी एक गाठ सुटायची राहिली होती. फोटो काढून घ्यायला माणूस कशाच्याही शेजारी उभा राहतो. त्यांनी ती खरंच चालवली, हे कशावरून? मी अत्तेंच्या खोलीत गेले. फोटो दाखवला नाही. विचारलं, "अत्ते, तात्ता फिरंगी फिरवायचे म्हणजे काय करायचे?"

"फिरवायचे म्हणजे फिरवायचे. तुमच्या सांगलीत फिरवत नाहीत?"

"आमच्याकडे तलवारीला फिरंग म्हणतात."

अत्तेंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात सोपं उदाहरण चुकलेल्या मुलीकडे पाहिलं असेल. "तलवार? आमच्या तात्तांकडे कुठली तलवार आली? इतकी वर्षं तू त्यांना तलवार देऊन बसलीस?" आणि त्या हसायला लागल्या. दात नाहीत, त्यामुळे त्यांचं हसणं पूर्ण तोंडभर पसरतं. "असे फिरवायचे. म्हातारपणी ओट्यावर बसलेले असले तरी हात आपला चालू असायचा. आई म्हणायची, बघा, तात्तांची फिरंगी चालली."

आणि त्यांनी हात करून दाखवला. तलवारीचा वार नव्हे. गाडा ओढायला बैलांना हाकणंही नव्हे. मांडीच्या बाजूला, मूठ मिटून, हात गोल गोल. आपण चक्कीत कॉफी दळतो तसा.

मग मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दांडा पाहिला, मग आपला हात पाहिला. तो अजून अर्ध्या फेरीत थांबलेला होता. मी हळूहळू सगळं सांगितलं. कान कुठे असायचा, आवाज किती असायचा, उंच आवाज आधी कसे जातात आणि जाड कसे राहतात. तो गृहस्थ ऐकू आला आणि नात आली नाही, हे कसं होऊ शकतं. मी हेही सांगितलं की हे नक्कीच असं झालं असं कुणी आता सिद्ध करू शकत नाही. वयानेही कान जातात. गणिताच्या बाईंपासून ते लपवणं बरोबर झालं नसतं.

खाली रस्त्यावर शेअर रिक्षावाला गिऱ्हाइकं हाकारत होता. मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत.

"ह्याला यंत्रावर ती रेघ काढता आली," त्या शेवटी म्हणाल्या. ह्याला म्हणजे माझ्या यजमानांना. "तात्तांना कोण सांगणार? त्यांना वाटलं असेल, पोरी बोलतच नाहीत माझ्याशी."

हा विचार मला सुचला नव्हता. इतकी वर्षं आम्ही तळ्याच्या पायरीवरच्या मुलीचं दुःख मोजत होतो. वरच्या पायरीवरचा म्हातारा, ज्याच्या घरातल्या बायका आणि मुली एकेक करून मुक्या होत गेल्या, तो आमच्या हिशेबातच नव्हता. तो अत्तेंना दिसला, आणि दुखावलेल्या बाजूच्या असूनही त्यांनीच तो आधी पाहिला.

वर्षश्राद्ध झालं. यांचा फोटो आता त्या भिंतीवर पणजोबांच्या शेजारी आहे. कागद काढलेला, दोन्ही नळ्या दिसणारा त्यांचा फोटो, आणि यांचा हसरा. पुढच्या अमावास्येला मी परडी भरून ठेवली आणि मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. कुणी काय करतं ते पाहत उभं राहू नये असं मला वाटलं. त्यामुळे फूल वाहताना मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

अत्तेंचा आवाज आता वयाने खाली आला आहे, तरी त्यांनी तो आणखी खाली नेला. छातीतून, घोगरा, एखाद्या गृहस्थासारखा जाड. आणि त्या आवाजात त्यांनी हाक मारली.

"तात्ता."

थोडं थांबून पुन्हा एकदा मारली. मग काठीचा आवाज आला, आणि त्या यांच्या फोटोकडे वळल्या असाव्यात, कारण नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुला फूल नंतर. आधी त्यांचं होऊ दे."